चित्रकारांच्या मंडळात पद घ्यावं का? 26 वर्षं सभासद आहे, त्यावरून सांगते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की लग्नाआधी ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलं, मग बारा वर्षं ब्रशला हात लागला नाही, आठ महिन्यांपूर्वी नाशिकमधल्या एका चित्रकारांच्या मंडळात सभासद झालात, रविवारच्या स्केचिंगला न चुकता जाताय, हात परत चालायला लागलाय, आणि आता मंडळवाले म्हणतायत की सहसचिव व्हा. घेतलं तर चित्र काढणं बंद पडेल का, नाही म्हटलं तर माणसं दुखावतील का, आणि जुन्या लोकांचे दोन गट आहेत असं वाटतंय त्यात आपण विनाकारण सापडू का, हे तुम्हाला विचारायचंय. मी नाशिकमधल्याच एका मंडळात 1999 पासून आहे. सहा वर्षं खजिनदार होते, तीन वर्षं सचिव, बाकी सगळी वर्षं साधी सभासद. नोकरी सातपूरला एका कारखान्यात अकाउंट्सला, आणि चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटपर्यंतच, पुढचं सगळं मंडळात शिकले. त्यामुळे सांगतेय ते स्वतः केलेलं किंवा स्वतः चुकलेलं आहे.

आधी माझं मत सांगून टाकते, कारणं नंतर. यंदा सहसचिव होऊ नका. पण नुसतं "नको" म्हणून गप्पही बसू नका, त्याऐवजी वार्षिक प्रदर्शनाच्या मांडणीचं काम मागून घ्या, एका वर्षापुरतं, आणि हे बोलून नाही तर लिहून द्या.

मला वाटतं तुमची अडचण वेळेची नाहीच. आठवड्याचे चार तास कुठूनही काढता येतात, तुम्ही रविवारी पहाटे उठून घाटावर जाताच ना. अडचण ही आहे की बारा वर्षांनी जे परत आलंय ते अजून कोवळं आहे आणि त्याच्यावर पावतीपुस्तकं आणि सतरंज्यांचा ढीग पडला तर ते दबेल अशी भीती वाटतेय. ही भीती खरी आहे, तिला आळस समजू नका. पण मंडळाचं काम म्हणजे सगळं एकच काम नसतं. काही कामं तुम्हाला चित्रापासून लांब नेतात आणि काही कामं चित्राच्या इतकी जवळ नेतात की घरी एकटं बसून पाच वर्षांत जे कळणार नाही ते दोन दिवसांत कळतं. मला हा फरक कळायला दहा वर्षं लागली, तुम्हाला लागू नयेत म्हणून एवढं लिहितेय.

आता तुमचं मंडळ कसं आहे यावर बरंच अवलंबून आहे. नुसता व्हॉट्सॲप ग्रुप असेल, वीस-पंचवीस जण रविवारी जमतात, चहाचे पैसे वर्गणीतून, तर सहसचिव म्हणजे फक्त मेसेज टाकणारी व्यक्ती, ते सहज जमेल. पण मंडळ रजिस्टर असेल, म्हणजे आपल्याकडे असतं तसं 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, तर गोष्ट वेगळी. तिथे तुमचं नाव धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसच्या कागदावर जातं, बँकेत सही लागू शकते, ऑडिटच्या वेळी प्रश्न तुम्हाला येतात. आणि त्या पदावर आधी कोण होतं, त्यांचे कागद पूर्ण आहेत का, हे तुम्हाला कुणी आपणहून सांगत नाही, वाईट हेतूने नाही, त्यांनाच माहीत नसतं.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. एक विश्वस्त वारले. त्यांच्या जागी दुसरे निवडले, इतिवृत्तात लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय ऑफिसला द्यायची माहिती, दाखल करायचा राहून गेला. कायद्यात त्याला 90 दिवसांची मुदत आहे. तीन वर्षांनी बँकेने सह्यांची केवायसी मागितली तेव्हा शेड्यूल वनच्या उताऱ्यावर (धर्मादाय ऑफिसच्या नोंदवहीतला, विश्वस्तांची नावं असलेला कागद) अजून गेलेल्या माणसाचं नाव, नवीन माणसाचं नाव कुठेच नाही, खातं अडकलं. मग विलंब माफीचा अर्ज, वकील, तारखा. खात्यात पैसे असून 11 महिने आम्ही हॉलचं डिपॉझिट स्वतःच्या खिशातून भरलं, मी त्यावेळी खजिनदार होते आणि रात्री झोप लागायची नाही कारण हिशोब माझ्या हातात आणि पैसे मात्र हातात नाहीत. म्हणून कुठलंही पद घ्यायच्या आधी तीन कागद बघायला मागा: शेड्यूल वनचा ताजा उतारा, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, आणि तुमची निवड झाली की त्या सभेचं इतिवृत्त. मागताना संकोच करू नका. चांगलं मंडळ असेल तर दाखवतात, आणि दाखवायला टाळाटाळ झाली तर तुमचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

आता सहसचिव प्रत्यक्षात काय करतो. फोन करतो. हॉलची तारीख, पत्र, डिपॉझिट, परत पत्र, प्रमुख पाहुण्यांना गाडी पाठवायची का, बॅनरवर कुणाचं नाव वर कुणाचं खाली, प्रेसनोट, प्रमाणपत्रावरची नावं तपासणं, लहान मुलांच्या स्पर्धेत दोनशे मुलं आली तर दोनशे बिस्किटपुडे. ही कामं करावीच लागतात, कुणीतरी केली म्हणूनच आपल्याला रविवारी आयतं जाऊन बसता येतं, मी त्यांना कमी लेखत नाही. पण ह्यातलं एकही काम करताना तुम्ही चित्राकडे बघत नाही.

माझी सवय आहे, प्रत्येक चित्राच्या मागे तारीख टाकते. त्यामुळे मोजता येतं. 2008 मध्ये माझी 43 चित्रं आहेत, लहान-मोठी धरून. 2009 ला सचिव झाले. 2010 मध्ये 9 आहेत, आणि त्या नवातली चार पाहुण्यांना भेट द्यायला केलेली. उलट खजिनदार असतानाची वर्षं बघितली तर आकडा फारसा खाली आलेला नाही, कारण हिशोब हे माझं रोजचंच काम, महिन्यातून एक संध्याकाळ बसलं की संपलं. एखाद्या शाळेतल्या बाईंना उलट वाटेल, त्यांना मुलांचं शिबिर घेणं सोपं आणि व्हाउचर बघितलं की डोकं दुखतं. म्हणजे कुठलं पद कुणाला जड हे ज्याचं त्याने बघायचं, पण सचिव-सहसचिव हे जवळजवळ सगळ्यांनाच जड जातं, कारण त्याला ठरलेली वेळ नसते, फोन कधीही वाजतो, आणि वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, ओला असताना फोन वाजला की तो वॉश गेला.

मी ह्या सगळ्यात राहिले कशी, तर रविवारामुळे. पहिला रविवार मला लख्ख आठवतो. लग्न होऊन नाशिकला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, सकाळी सातला गंगेवर गेले, (तुम्ही बाहेरून आला असाल तर सांगते, नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात), एवढी थंडी की पाण्याच्या डब्यात बोट घालवत नव्हतं. नारोशंकराच्या देवळासमोर बसले आणि सरळ शिखर काढायला सुरुवात केली, सगळे नवीन लोक तेच करतात. शेजारी मंडळातले एक वयस्कर सर बसले होते, त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही आणि मग म्हणाले, "देऊळ कुठे जात नाही. आधी पायऱ्या काढा. पायऱ्या चुकल्या तर देऊळ गंगेत पडेल." तो सगळा रविवार मी पायऱ्या काढल्या. घाटाच्या पायऱ्या दिसतात सरळ, पण झिजलेल्या असतात, प्रत्येकीची कड वेगळी, पाण्याजवळच्या दोन-तीन कायम ओल्या म्हणून काळ्या, वरच्या कोरड्या म्हणून राखाडी, आणि साडेआठच्या सुमारास ऊन खाली उतरलं की तीच काळी पायरी एकदम चांदीसारखी दिसते. हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं, शेजारी बसणारं माणूस होतं म्हणून मिळालं.

नाशिकचं हे भाग्य आहे असं मला मनापासून वाटतं. चित्रकार वा. गो. कुलकर्णींनी इथे कलानिकेतन ही चित्रकलेची संस्था उभी केली, शिवाजी तुपे सरांनी इथले घाट आणि वाडे जलरंगात रंगवले, त्यामुळे घाटावर कुणी मांडीवर बोर्ड घेऊन बसलं तर कुणाला नवल वाटत नाही, फुलवाली मावशीसुद्धा म्हणते "जरा सरका, तुमच्या कागदावर माझी सावली पडतेय". 2015 च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम होतं तिथे आम्ही रोज संध्याकाळी जायचो, साधू महाराज स्वतः बोलावून समोर बसायचे आणि झाल्यावर चित्र मागून घ्यायचे, माझी निम्मी स्केचेस अशीच देशभर गेली.

तर एक नियम आम्ही खूप भांडणांनंतर केला आणि तो तुम्ही एकट्या असलात तरी पाळा. रविवारी पाण्याचा डबा ओतेपर्यंत मंडळाचं काही बोलायचं नाही. हॉल, वर्गणी, कोण काय म्हणालं, काहीही नाही. डबा ओतला, ब्रश पुसला, चित्रं पायऱ्यांवर ओळीने मांडून एकमेकांची बघितली, की मग चहाला बसून काय ते बोला. मी सचिव असताना हा नियम नव्हता आणि लोक मी रंगवत असताना येऊन शेजारी बसून तक्रारी सांगायचे, मीही ऐकायचे कारण नाही कसं म्हणणार. ती माझी चूक होती.

इथपर्यंतचं एवढंच की पद घ्यायच्या आधी कागद बघा, फोनवरची कामं चित्राला जड जातात, आणि रविवार कुणाला देऊ नका. आता मांडणीकडे येते, कारण मी तुम्हाला तेच का घ्या म्हणतेय ते नीट सांगायला हवं.

प्रदर्शनाची मांडणी म्हणजे भिंतीवर खिळे ठोकणं असं लोकांना वाटतं. ती सुरू होते चित्रं जमा होतात त्या दिवशी. प्रत्येक चित्र हातात घ्यायचं, मागे नाव, शीर्षक, माध्यम, साइज, किंमत आहे का बघायचं, फ्रेमचा कोपरा उघडलाय का, काचेला तडा आहे का, तार घट्ट आहे का, हे सगळं पावतीवर लिहायचं आणि देणाऱ्याची सही घ्यायची. हे आम्ही करत नव्हतो तेव्हा एकदा एका सभासदाची काच फुटलेली निघाली, आमच्याकडे फुटली की आधीच होती ते कुणालाच सांगता येईना, आणि तो माणूस नंतर परत कधी आला नाही. पावतीवर एक ओळ असती तर तो आज आमच्यात असता.

जलरंगाची फ्रेम बघताना अजून एक बघा, कागद काचेला चिकटलाय का. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, नुसतं शोभेला नसतं, त्याच्या जाडीमुळे काच आणि कागद यांच्यात हवा राहते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत इतका ओलावा असतो की काचेला टेकलेल्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात, आणि ते एकदा आले की जात नाहीत. पैसे वाचवायला माउंटशिवाय फ्रेम करणारे खूप असतात, त्यांना प्रेमाने सांगा, चित्र त्यांचंच वाचतं.

मग सगळी चित्रं भिंतीच्या कडेने जमिनीवर उभी करायची आणि निदान तासभर काहीही ठोकायचं नाही. नुसतं फिरायचं. मला चित्र बघायला कुणी शिकवलं असेल तर ह्या तासाने. एक भडक लाल चित्र शेजारच्या दोन हलक्या जलरंगांना खाऊन टाकतं. तेच लाल चित्र कोपऱ्यात एकटं लावलं तर लांबून माणसं त्याच्याकडे ओढली जातात आणि वाटेत हलकी चित्रंही बघतात. लहान चित्रं एकेकटी लावली तर हरवतात, चार-पाच एकत्र लावली की भिंतीला वजन येतं. आपलं स्वतःचं चित्र जमिनीवर पन्नास चित्रांच्या ओळीत उभं दिसलं की त्यात काय कमी आहे ते जे कळतं ते घरच्या भिंतीवर कधीच कळत नाही. माझ्या चित्रांत काळोख कमी असतो, मी गडद रंग लावायला घाबरायचे, हे मला 2004 च्या मांडणीत जमिनीवरची ओळ बघून कळलं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

उंचीचं गणित सोपं आहे पण बरेच जण फ्रेमची वरची कड एका रेषेत धरतात, तसं करू नका. चित्राचा मध्य एका रेषेत धरायचा. आम्ही जमिनीपासून 57 इंच धरतो. समजा फ्रेम 24 इंच उंच आहे आणि मागची तार वर ओढली की वरच्या कडेपासून 3 इंच खाली येते. उंचीचं अर्धं 12, त्यातून 3 गेले, राहिले 9, ते 57 मध्ये मिळवले, खिळा 66 इंचावर. प्रत्येक फ्रेमसाठी हे वेगळं येतं, म्हणून एकाने मापं घ्यायची, एकाने आकडा भिंतीवर बारीक पेन्सिलने टाकायचा, तिसऱ्याने लांब उभं राहून बघायचं. दोन फ्रेममध्ये सहा ते आठ इंच सोडा. आणि दिव्याची तिरीप काचेवर पडतेय का हे संध्याकाळी दिवे लावून बघा, दुपारी सगळं छान दिसतं.

आता तुमच्या गटांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो ह्या भिंतीवरच येऊन थांबतो. 26 वर्षांत मी जितकी भांडणं बघितली त्यातली बरीचशी वरून कलेबद्दल असतात, म्हणजे जागेवर बसून काढणारे विरुद्ध फोटोवरून काढणारे, किंवा जी.डी. आर्ट (चित्रकलेची सरकारी पदविका) झालेले आणि हौशी, पण खाली उकरलं की निघतं ते एवढंच, की दरवाज्यासमोरच्या भिंतीवर कुणाचं चित्र लागलं. ती भिंत मानाची. आम्ही शेवटी ठरवलं की जे मांडणी करतात त्यांचं चित्र त्या भिंतीवर लागणार नाही, त्या वर्षापुरतं. तेव्हापासून आवाज बराच खाली आला. तुम्ही मांडणी घेतलीत तर हा नियम तुम्हीच आधी सुचवा, तुमच्याबद्दल दोन्हीकडे विश्वास बसेल.

आणि एक प्रसंग सांगते. आमच्याकडे दरवर्षी नारोशंकराची पाच-सहा चित्रं येतातच, रामकुंडाची तितकीच, एखादं रंगपंचमीच्या रहाडीचं (रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला जुना हौद). नेहमी आम्ही ही नारोशंकरं लांब लांब लावायचो, तुलना नको म्हणून. एका वर्षी सहा आली आणि ती काढणारे दोन्ही गटांतले, त्यातले दोघे तर एकमेकांशी दोन वर्षं बोलत नव्हते. मांडणी माझ्याकडे होती. मी सहाही एकाच भिंतीवर लावली, उजेडाच्या क्रमाने, पहाटेच्या निळ्यापासून सुरू करून सकाळचं ऊन, दुपार, संध्याकाळ, आणि शेवटी दिवे लागलेलं. लोक त्या भिंतीसमोर सगळ्यात जास्त वेळ थांबले, एक आजोबा तर खुर्ची मागून घेऊन बसले. आणि ते दोघे, ज्यांची तिसरी आणि चौथी चित्रं शेजारी होती, ते उद्घाटनाच्या संध्याकाळी त्या भिंतीसमोर उभे राहून दगडाला कुठला निळा मिसळला यावर अर्धा तास बोलत होते. त्यांचं सगळं मिटलं असं म्हणणार नाही, पुढे परत वाजलं त्यांचं. पण ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

निवड समितीत मात्र पहिल्या वर्षी जाऊ नका, मांडणी आणि निवड ही वेगळी कामं आहेत. मी एकदा निवडीत होते तेव्हा एका 74 वर्षांच्या सभासदांचं चित्र आम्ही नाकारलं, छापील पत्र पाठवलं, "खेद वाटतो" वगैरे. मला राहवेना, मी पंचवटीत त्यांच्या घरी गेले. ते काही बोलले नाहीत, पलंगाखालून एक फाइल काढली आणि त्या एका चित्राआधी केलेली अकरा कच्ची कामं मला दाखवली, एकेक, सावकाश. चित्र खरंच कमी पडलं होतं, निवड चुकली नव्हती. पण सभासद म्हणून पंधरा वर्षं वर्गणी भरणाऱ्या, सतरंज्या उचलणाऱ्या माणसाला छापील पत्र पाठवणं चुकलं होतं. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला: वार्षिक प्रदर्शनात प्रत्येक सभासदाचं एक चित्र निवडीशिवाय लागेल, दुसरं हवं असेल तर ते निवडीतून. दर्जा खाली येईल असं म्हणणारे होते, आणि थोडा येतोही, तेही मला मान्य आहे. पण हे सभासदांचं मंडळ आहे, व्यावसायिक गॅलरी नाही, आणि मला दुसऱ्या बाजूचं मत अजूनही पटलेलं नाही.

एक अजून काम आहे जे चित्राजवळ नेतं, तुमच्या मंडळात चालत नसेल तर दोन-तीन वर्षांनी सुरू करा. वाड्यांची स्केचेस काढणं. जुन्या नाशकातले वाडे पडतायत, विकले जातायत, जागी इमारती येतायत. आम्ही जुन्या तांबट आळीपासून सुरुवात केली, ज्यांचा वाडा आहे त्यांना विचारून आत बसायचं, चौक, जिना, देवळी, कोरलेला खांब, सगळं वेगवेगळं काढायचं, मागे तारीख आणि जागा लिहायची. एका प्रदर्शनात एक कुटुंब आलं, तीन पिढ्या, आणि एका लहानशा पेन्सिल स्केचसमोर थांबलं. त्यांचा वाडा चार वर्षांपूर्वी उतरवला होता. त्यातल्या आजींनी स्केचमधल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर काचेवरून बोट ठेवलं आणि नातवाला म्हणाल्या, "इथे मी भाजी निवडायची." स्केच काढणारी आमची कॉलेजातली मुलगी शेजारीच उभी होती, तिने ते विकायला लावलं होतं, ते तिने भिंतीवरून काढून आजींच्या हातात दिलं.

आणि 2016 च्या ऑगस्टमधला पूर तुम्ही इथे नसाल तर बघितला नसेल. आमचे डिस्प्ले पॅनल घाटाजवळच्या एका वाड्यात तळमजल्यावर ठेवलेले. नाशिकमध्ये पूर किती आला ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात, कंबरेला लागला, छातीला लागला असं, आणि त्या दिवशी तो मारुती बघता बघता पाण्यात गेला. पॅनल सगळे भिजले, प्लाय फुगला. पाणी उतरल्यावर चिखल काढायला दोन्ही गटांतले लोक होते, कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. हे सांगायचं कारण, तुम्हाला आठ महिन्यांत जे दोन गट दिसतायत ते खरे असतील, पण तुम्ही अजून ह्या माणसांना एकत्र चिखल काढताना बघितलेलं नाही, तेव्हा एवढ्यात मत पक्कं करू नका आणि चहाला दरवेळी एकाच घोळक्यात बसू नका.

नाही कसं म्हणायचं ते विचारलंत. तोंडी सांगितलं तर "बघू, होईल हळूहळू" म्हणून परत नाव घालतात, म्हणून अध्यक्षांना साधा मेसेज करा. मी असा केला असता: "सर, माझा विचार केलात याचं मनापासून बरं वाटलं. मी बारा वर्षांनी परत चित्र काढतेय आणि अजून एक वर्ष मला त्यालाच द्यायचंय, म्हणून सहसचिवपद आत्ता घेत नाही. पण यंदाच्या प्रदर्शनाची मांडणी मला द्याल का? चित्रं जमा करण्यापासून परत देण्यापर्यंत सगळं मी बघीन. जुन्या कुणीतरी एक जण सोबत असावं." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, ते गाळू नका. सोबत ज्यांना घ्याल ते दुसऱ्या गटातले घ्या, म्हणजे ज्यांच्याशी तुमचं आत्तापर्यंत कमी बोलणं झालंय ते. आणि परत देण्यापर्यंत असं मुद्दाम लिहा, कारण लावायला वीस जण येतात आणि उतरवायला चार, आणि चित्रं हरवतात ती उतरवताना.

दुखावतील का? एखादा दुखावेल. मी सचिवपद सोडलं तेव्हा एक जण वर्षभर नीट बोलले नाहीत, मग एका रविवारी त्यांनीच त्यांचा जास्तीचा कागद पुढे केला, मी विसरले होते त्या दिवशी.

मांडणीच्या दिवशी टेप, पेन्सिल, स्पिरिट लेव्हल घरून न्या, हॉलवर मागत बसू नका. आणि एक मऊ सुती फडकं, जुन्या धोतराचं असलं तर उत्तम. दिवसभर सगळ्यांनी उचलून उचलून काचांवर बोटांचे ठसे पडलेले असतात, ते उद्घाटनाच्या आधी एकेका चित्रासमोर उभं राहून पुसायचे असतात, आणि ते काम कुणाच्याच यादीत लिहिलेलं नसतं. ते तुम्ही स्वतः करा, कुणाला सांगू नका. सगळी चित्रं तेव्हाच एकदा नीट बघून होतात, नंतर गर्दी होते.